उताणे निजलेले मूल

रात्री दूध पिऊन स्वस्थ निजलेले दोन-तीन महिन्यांचे मूल पहाटे निष्प्राण आढळावे, आदल्या दिवशी त्याला ताप, खोकला, जुलाब यांपैकी काहीही झालेले नसावे, अंगावर इजेची खूण नसावी आणि शवविच्छेदनातही मृत्यूचे कारण हाती लागू नये, अशा घटना मनुष्यजातीला प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. परंतु वैद्यकशास्त्राच्या दप्तरात त्यांना स्वतंत्र खाते मिळाले ते १९६९ साली. त्या वर्षी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात भरलेल्या परिषदेत ब्रूस बेकविथ या विकृतिशास्त्रज्ञाने मांडलेली व्याख्या मान्य झाली आणि ‘सडन इन्फन्ट डेथ सिंड्रोम’, म्हणजे आकस्मिक शिशुमृत्यू, हे नाव रूढ झाले. पुढे त्या व्याख्येत अधिक काटेकोरपणा आला: मूल एक वर्षाच्या आतले असावे, संपूर्ण शवविच्छेदन झालेले असावे, मृत्यू जेथे घडला त्या जागेची पाहणी झालेली असावी, मुलाच्या प्रकृतीची पूर्वीची हकीकत तपासलेली असावी, आणि एवढी शहानिशा करूनही कारण सापडू नये, तेव्हाच हे नाव द्यावे. असे बहुतेक मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात, आणि त्यांतही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांचा काळ सर्वांत घातक असतो.

या विषयाच्या इतिहासात मला सर्वांत गंभीर वाटते ती गोष्ट अशी, की या मृत्यूचे मूळ पुरते उलगडण्याच्या आधीच त्याला फार मोठ्या प्रमाणावर आवर घालता आला. त्यासाठी औषध लागले नाही, यंत्र लागले नाही, मुलाला उताणे निजवणे एवढेच पुरले. आणि हा उपाय दाखवणारा पुरावा उपलब्ध असताना पश्चिमेतील विद्वान वैद्य जवळजवळ दोन दशके मातांना नेमका उलटा सल्ला देत राहिले. ती हकीकत तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण तिचा आपल्या घरांशीही संबंध आहे.

बायबलातील शलमोन राजाच्या न्यायाची कथा अनेकांना ठाऊक असते. परंतु त्या दोन स्त्रियांपैकी एकीचे मूल रात्री तिच्या अंगाखाली येऊन मेले होते, हा त्या कथेचा आरंभ सहसा कोणी ध्यानात घेत नाही. पुढे शतकानुशतके युरोपात पाळण्यातल्या वा अंथरुणातल्या अशा मृत्यूचा हाच एक अर्थ लावला गेला. फ्लोरेन्स शहरी दाया मुलाला शेजारी घेऊन निजत तेव्हा त्याच्या अंगावर कमानीसारखा एक लाकडी सांगाडा ठेवीत, आणि हेतू हा, की झोपेत कूस बदलताना मूल चिरडू नये. स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या पोलीस खात्यात शल्यचिकित्सक असलेल्या चार्ल्स टेम्पलमन यांनी १८९२ साली अशा २५८ मृत्यूंची टिपणे प्रसिद्ध केली आणि त्यांची कारणे सांगितली ती मातांचे अज्ञान, निष्काळजीपणा, दारू आणि दाटीवाटीची घरे अशी. आपल्याकडे हाच दोष सटवाईच्या कोपावर, दृष्टीवर किंवा बाळंतिणीच्या पथ्यावर गेला. मुलखामुलखांत दैवते निराळी असली तरी फिर्याद एकाच व्यक्तीविरुद्ध गुदरली जात असे, आणि ती व्यक्ती म्हणजे आधीच पोटचे मूल गमावून बसलेली आई.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी शास्त्राने या आईला दोषमुक्त करू पाहिले, पण ते करताना दुसरीच चूक केली. अकस्मात मेलेल्या मुलांच्या छातीतील थायमस नावाची ग्रंथी शवविच्छेदकांना मोठी दिसली आणि तिच्या दाबाने श्वासनलिका बंद होत असावी असा सिद्धान्त रूढ झाला. वस्तुतः ती ग्रंथी मोठी नव्हती. तोवर विच्छेदनाच्या टेबलावर आलेली बहुसंख्य शवे दीर्घकाळ आजारी आणि कुपोषित गरिबांची होती, दीर्घ आजारात ही ग्रंथी आक्रसते, आणि त्या आक्रसलेल्या ग्रंथीलाच वैद्यांनी प्रमाण मानले होते. या गैरसमजापायी हजारो सुदृढ अर्भकांच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा झाला, आणि शतकाच्या मध्यावर त्यांपैकी कित्येकांना गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे उघडकीस आले. रोगाची भीती खरी असली म्हणजे तिच्यावर सुचवलेला इलाजही खरा असतो असे नाही, याचा एवढा दारुण दाखला वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

याच सुमारास, १९४४ साली, न्यूयॉर्क शहरातील हॅरल्ड अब्रॅमसन यांनी तेथील गुदमरून मेल्याची नोंद असलेल्या अर्भकांची कागदपत्रे चाळली आणि त्यांना असे दिसले, की सुमारे दोन-तृतीयांश मुले पालथी आढळली होती. त्यांनी पालथे निजवण्याविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला. तो इशारा विरून गेला. कारण तेव्हाच अमेरिकेत विरुद्ध दिशेचा प्रवाह सुरू झाला होता. १९४० नंतरच्या ग्रंथांतून मुलाला पालथे निजवावे असा उपदेश दिसू लागतो. त्यामागची कारणे वरवर पाहता समंजस होती. उताणे मूल ओकले तर ओकारी श्वासनलिकेत जाऊन गुदमरेल. सदैव एकाच बाजूवर निजून डोके चपटे होईल. पालथे मूल गाढ झोपते, कमी रडते, कमी दचकते. अकाली जन्मलेल्या मुलांना पालथे ठेवल्यास श्वास सुकर होतो असा रुग्णालयांचा अनुभव होता, आणि तेथे पाहिलेली पद्धत माता घरी घेऊन गेल्या. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचा १९४६ साली निघालेला बालसंगोपनावरील ग्रंथ म्हणजे दोन-तीन पिढ्यांतील अमेरिकन मातांचा घरचा सल्लागार. त्याच्या आरंभीच्या आवृत्तीत नसलेला पालथ्या निजेचा पुरस्कार १९५० नंतरच्या दशकात त्यात दाखल झाला आणि या सल्ल्याला एक प्रकारचे फर्मानाचे वजन आले. स्पॉक हे मुलांवर मनापासून माया करणारे गृहस्थ होते, त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास यत्किंचितही जागा नाही. परंतु निरोगी मुलांना रोज कोट्यवधी घरांत द्यावयाचा सल्ला औषधाइतक्याच कसोशीने पारखून घ्यावा लागतो, हा विचार त्या काळी कोणाच्या मनात आला नाही.

ओकारीची भीती आजही आपल्या घरोघर आहे, म्हणून तिचा निकाल येथेच लावणे इष्ट. मनुष्याच्या गळ्यात श्वासनलिका पुढे असते आणि अन्ननलिका तिच्या मागे. मूल उताणे असले म्हणजे श्वासनलिका वरच्या पातळीवर येते आणि अन्ननलिका खालच्या. पोटातून उलट आलेले दूध गुरुत्वाकर्षणाने खालीच राहते आणि मूल ते पुन्हा गिळते किंवा बाहेर टाकते. पालथ्या मुलाची स्थिती बरोबर याच्या उलट होते. जेथे जेथे मुले उताणी निजू लागली तेथे ओकारीने गुदमरून होणारे मृत्यू वाढले नाहीत, हे त्यानंतरच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे.

सत्याकडे नेणारी वाट अनेक ठिकाणांहून निघाली. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील डॉ. सुझन बील यांनी १९७३ पासून, ज्या घरी असा मृत्यू घडला त्या घरी स्वतः जाण्याचा परिपाठ ठेवला. रडणाऱ्या आईबापांजवळ बसून मूल कोठे निजले होते, कसे निजले होते, अंगावर काय होते, कोणत्या स्थितीत सापडले हे त्या विचारीत आणि टिपून ठेवीत, आणि अशा शेकडो भेटींतून पालथ्या निजेचा धोका त्यांना स्पष्ट दिसू लागला. हाँगकाँगमध्ये अध्यापन करणाऱ्या डी. पी. डेव्हिस यांनी १९८५ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात लिहिले, की त्या दाटीवाटीच्या शहरात हा मृत्यू फारच विरळा आढळतो, आणि तेथील चिनी माता परंपरेने मुलाला उताणे निजवतात. इंग्लंडमध्येही असे दिसून आले, की भारतीय उपखंडातून गेलेल्या मातांच्या मुलांत, घरची गरिबी असूनही, हे मृत्यू गोऱ्या शेजाऱ्यांच्या मुलांपेक्षा कमी होते. हॉलंडमध्ये १९७० नंतर मुलांना पालथे निजवण्याची पद्धत शिरली आणि पाठोपाठ मृत्यू चढत गेले. हे ध्यानात येताच डी योंग या वैद्याने १९८७ साली जाहीरपणे ती पद्धत सोडण्याचे आवाहन केले, आणि आज तो देश या मृत्यूंच्या बाबतीत जगातील सर्वांत सुरक्षित देशांत गणला जातो.

निर्णायक काम झाले न्यूझीलंडमध्ये. तेथे १९८० नंतरच्या दशकात दर हजार जन्मांमागे सुमारे चार मुले अशी जात, आणि तेथील मूळच्या माओरी लोकांच्या वस्तीत हे प्रमाण त्याहून अधिक होते. एड मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून तीन वर्षे देशभर चाललेल्या पाहणीत मृत मुलांच्या आईबापांना आणि त्याच वयाच्या जिवंत मुलांच्या आईबापांना एकच प्रश्नावली विचारली, आणि तीन गोष्टी निःसंशय पुढे आल्या: मुलाला पालथे निजवणे, आईचे धूम्रपान आणि स्तनपानाचा अभाव. ब्रिस्टलच्या पीटर फ्लेमिंग यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पालथ्या मुलाला असलेला धोका आठपटींहून अधिक भरला, आणि जाड पांघरुणांचा व रात्रभर तापवलेल्या खोलीचाही दोष दिसून आला. इंग्लंडमध्ये हे सारे विद्वानांच्या नियतकालिकांतच राहिले असते; परंतु १९९१ च्या जुलैत दूरचित्रवाणीवरील निवेदिका ॲन डायमंड यांचे तान्हे मूल याच रीतीने गेले, त्या न्यूझीलंडला जाऊन तेथील काम पाहून आल्या, सरकारकडे पिच्छा पुरवला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘बॅक टू स्लीप’ या मोहिमेचा आरंभ झाला. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ साली आपला सल्ला फिरवला, १९९४ साली तेथेही मोहीम सुरू झाली, आणि दशक उलटण्याच्या आत तेथील हे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

या सर्व प्रकरणाचा हिशेब २००५ साली लंडनच्या रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. जुने सर्व अभ्यास एकत्र करून त्यांनी दाखवले, की पालथ्या निजेचा धोका ठरवण्यास पुरेसा पुरावा १९७० सालीच उपलब्ध होता, आणि तरीही पालथे निजवण्याचा उपदेश ग्रंथांतून १९८८ पर्यंत चालू राहिला. तो पुरावा वेळीच एकत्र केला गेला असता तर ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान ५०,००० मुले कदाचित वाचली असती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा आकडा वाचून मन सुन्न होते. या मुलांचा घात साथीने केला नाही, दुष्काळाने केला नाही. निरनिराळ्या दप्तरांत पडलेल्या टिपणांची बेरीज कोणी केली नाही, म्हणून ती गेली.

उताणे निजल्याने मूल का वाचते, याचे उत्तर आज बऱ्याच अंशी देता येते. फिलियानो आणि किनी या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९४ साली असे मांडले, की तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या म्हणजे हा मृत्यू घडतो: मूल जन्मतःच काही अंशी दुबळे असावे, ते पहिल्या सहा महिन्यांच्या स्थित्यंतराच्या काळात असावे, आणि त्या रात्री बाहेरून काही ताण पडावा. हॅना किनी यांच्या बॉस्टन येथील प्रयोगशाळेने पुढे दाखवले, की अशा कित्येक मुलांच्या मस्तिष्कस्तंभात, म्हणजे श्वास, हृदयगती आणि जाग यांचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागात, सेरोटोनिन या द्रव्याच्या यंत्रणेत उणीव असते. पालथ्या मुलाचे तोंड मऊ गादीत रुतले, की सोडलेलाच श्वास ते पुन्हा घेऊ लागते आणि प्राणवायू घटत जातो. सामान्य मूल अशा वेळी दचकते, मान वळवते, रडते. परंतु ज्या मुलाचा हा पहारेकरी अर्धवट निजलेला असतो ते जागे होत नाही. पालथे मूल गाढ झोपते हा जो गुण मातांना आवडला, त्यातच हा धोका दडलेला होता. अमुक मूल दुबळे आहे हे बाहेरून ओळखता येत नाही, पहिले सहा महिने टाळता येत नाहीत. म्हणून माणसाच्या हाती उरते ते बाहेरचा ताण दूर ठेवणे.

शास्त्र असे पुढे जात असतानाही आईवरचा जुना आरोप पूर्णपणे मिटला नव्हता. इंग्लंडमधील सॅली क्लार्क या वकील स्त्रीची दोन मुले १९९६ आणि १९९८ साली तान्हेपणी गेली, आणि १९९९ च्या नोव्हेंबरात त्या दोघांच्या खुनाबद्दल तिला जन्मठेप झाली. तिच्यासारख्या सुखवस्तू, धूम्रपान न करणाऱ्या घरात असा मृत्यू ८,५४३ मुलांत एक, तेव्हा दोन मृत्यू सात कोटी तीस लाखांत एक, असा गुणाकार एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने न्यायालयापुढे केला होता. एकाच आईबापांच्या मुलांत तोच आनुवंशिक दोष असू शकतो, म्हणून दुसरा मृत्यू पहिल्यापासून स्वतंत्र धरता येत नाही, हे गणिताचे प्राथमिक सूत्र तेथे विसरले गेले. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या गुणाकाराचा जाहीर निषेध केला. दुसऱ्या मुलाच्या रक्ता-द्रवांच्या जंतुपरीक्षेचे अहवाल बचावपक्षाला कधी दाखवलेच नव्हते हेही उघड झाले. २००३ च्या जानेवारीत तिची निर्दोष सुटका झाली. चार वर्षांनी ती मरण पावली. ज्या घरी असे मूल जाते त्या घरी प्रथम सांत्वनास जावे, आणि शहानिशा करावी लागलीच तर तीही सांत्वनाच्याच स्वराने करावी, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. महाराष्ट्रातील बालमृत्यूंची मोठी कारणे निराळी आहेत: अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जंतुसंसर्ग, जन्मतः गुदमरणे, न्यूमोनिया. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत १९९५ पासून गावच्याच आरोग्यदूत स्त्रियांना नवजातांची घरी शुश्रूषा करण्यास शिकवले, आणि नवजात-मृत्यू तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. २००१ सालच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी कागदांवरील बालमृत्यू प्रत्यक्षाहून किती कमी आहेत हेही दाखवून दिले. सुझन बील यांचे ॲडलेडमधील काम आणि हे काम यांचे मर्म मला एकच दिसते: प्रत्येक घरी जाणे, प्रत्येक मृत्यू लिहिणे, आणि तो कसा घडला ते विचारणे. घरी मेलेल्या तान्ह्या मुलाचे शवविच्छेदन आपल्याकडे सहसा होत नाही, आणि ‘दूध छातीत गेले’ एवढे म्हणून ते प्रकरण मिटते. त्यामुळे आकस्मिक शिशुमृत्यूचे निदान आपल्या दप्तरात येण्याचा मार्गच जवळपास बंद असतो.

आपल्या जुन्या पद्धतींत पुष्कळ चांगले आहे. मुलाला उताणे निजवणे, आईने त्याला आपल्याच खोलीत ठेवणे, अंगावर पाजणे, जमिनीवर सतरंजी किंवा घट्ट गोधडी अंथरणे, या गोष्टी आज जगभरचे तज्ज्ञ सांगत आहेत. निदान दोन महिने स्तनपान मिळालेल्या मुलांत हा धोका जवळजवळ निम्मा होतो. परंतु परंपरेत सारेच पथ्यकर असते असेही नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून ओवा-वावडिंगाची धुरी देणे हे कोवळ्या फुप्फुसांना अपायकारक आहे, आणि कोळशाचा विषारी वायू तर बाळंतीण आणि बाळ दोघांनाही घातक. उन्हाळ्यातही टोपडे, झबले, वर दुपटे आणि त्यावर आणखी पांघरूण असे गुंडाळलेले मूल तापून निघते. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशी डोक्याखालून सरकून तोंडावर येऊ शकते. झोळीत मूल वाकते आणि हनुवटी छातीवर टेकते, म्हणून पहिल्या महिन्यांत सपाट तळाचा पाळणा बरा. मशेरीविषयी तर स्पष्ट बोललेच पाहिजे. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तोंडात तंबाखू धरणाऱ्या किंवा मशेरी लावणाऱ्या स्त्रियांच्या मुलांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि कमी वजनाचे मूल म्हणजेच या मृत्यूला अधिक बळी पडणारे मूल.

आई आणि मूल एकाच अंथरुणात निजावे की नाही, याविषयी अमेरिकेतील अकादमी स्वतंत्र बिछान्याचा आग्रह धरते. एका खोलीत पाच माणसे निजणाऱ्या घराला तो उपदेश करून भागत नाही. येथे मला माओरींची तोड शहाणपणाची वाटते: मूल आईजवळच निजावे ही रूढी न मोडता त्यांनी जवसासारख्या तंतूंच्या स्थानिक वनस्पतीची ‘वाहाकुरा’ नावाची लहान टोपली विणली, ती आईच्या शेजारीच ठेवतात आणि मूल तिच्यात उताणे निजते. अंथरूण एकच असले तरी मुलाची जागा वेगळी असावी, तेथे उशी-रजई नसावी, आणि दारू वा तंबाखूचा अंमल असलेला माणूस शेजारी नसावा. सोफ्यावर मुलाला छातीवर घेऊन डुलकी लागू देणे हे सर्वांत धोक्याचे.

मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणाऱ्या आपल्याकडच्या आज्यांना तेथील परिचारिका दुपटी, उशा, खेळणी पाळण्यातून काढून टाकतात तेव्हा वाईट वाटते. त्यांनी ते मनावर घ्यावे, आणि मूल उताणे निजवण्याची आपली रीत तेथे ताठ मानेने सांगावी. इकडे शहरांत मात्र पाळण्याला चहूबाजूंनी लावायच्या मऊ गाद्या आणि निजवण्याचे तिरके आसन हौसेने विकत आणले जाते. अमेरिकेने या दोन्ही वस्तूंच्या विक्रीला २०२२ साली कायद्याने बंदी घातली, आणि तेथे झोपेशी निगडित अर्भकमृत्यू आजही वर्षाला सुमारे ३,५०० आहेत. लसीविषयी एक शब्द: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी नेमक्या या धोक्याच्या काळात येतात, म्हणून एखाद्या घरी दोन्ही गोष्टी लागोपाठ घडतात आणि संशय लसीवर जातो, प्रत्यक्षात लस घेतलेल्या मुलांत हे मृत्यू अधिक नव्हे तर कमी आढळले आहेत.

गडचिरोलीच्या त्या पद्धतीवरून केंद्र सरकारने २०११ साली घरोघरी नवजात-शुश्रूषेची योजना देशभर लागू केली. रुग्णालयात जन्मलेल्या मुलाला आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. त्यानंतरची भेट तिसऱ्या महिन्यात असते, आणि मधला काळ म्हणजे याच धोक्याचा चढता काळ. माझी विनंती एवढीच, की बेचाळिसाव्या दिवशी मुलाचे वजन करून झाल्यावर आशाताईने ‘बाळ रात्री कुठं निजतं, ते दाखवा बरं’ असे म्हणावे, अंथरूण स्वतः पाहावे, उशी असेल तर ती बाजूला करावी, मूल उताणे ठेवून दाखवावे. आणि घरात दुर्दैवाने मृत्यू घडलाच तर मूल कोणत्या स्थितीत सापडले, हा एक रकाना बालमृत्यूच्या नोंदीत आवर्जून भरला जावा.